खर्च वाचतो म्हणून नव्हे

महोदय,

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या संगणकसेवेवर, आधारलेल्या सुरक्षाव्यवस्थेची बाजू मांडणारा आपल्या अंकातला लेख वाचला. मी तांत्रिक माणूस नव्हे. सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे हिशेब 22 वर्षं सांभाळतोय. 'स्वतःची यंत्रं घेऊ नका, पैसे वाचतील' हा लेखाचा सूर मला पटला नाही, कारण ती बिलं पास करणारा मीच. आम्हीही स्वतःची यंत्रं सोडून क्लाउडवर गेलो, पण आमचे तरी पैसे वाचले नाहीत. तरीही निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे.

आमची फायरवॉलची पेटी, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोण येतं-जातं यावर पहारा देणारं यंत्र, जिन्याखालच्या खोलीत होती. घसारा काढून काढून पुस्तकात तिची किंमत नावापुरती उरली होती, पण अख्खी कंपनी तिच्याच भरवशावर. 2020 मध्ये सगळे घरून काम करू लागले आणि कळलं की ही पेटी एका वेळी 40 जणांचीच व्हीपीएन जोडणी (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) पेलते. आम्ही होतो 110. महिनाअखेरीला माझ्या विभागातले दोघं पहाटे पाचला लॉगिन करून ठेवायचे आणि दिवसभर बाहेर पडायचे नाहीत. रुमाल टाकून जागा धरावी तसं! मोठी पेटी मागवली, तर ती यायला तीन महिने लागणार होते.

पण खरा धक्का बसला पुढच्या वर्षी. ऑडिटच्या तयारीत मी सहज म्हणून पगारपत्रक आणि व्हीपीएन खात्यांची यादी शेजारी ठेवली आणि टिकमार्क करत गेलो. ज्यांना आम्ही पगारच देत नव्हतो अशी अकरा नावं निघाली. त्यातला एक मुलगा आठ महिन्यांपूर्वी नोकरी सोडून गेलेला, आणि त्याच्या खात्यावरचं शेवटचं लॉगिन तीन महिन्यांपूर्वीचं. तोच होता की दुसरं कोणी? काय पाहिलं, काय नेलं? पत्ता लागला नाही. पेटीतल्या नोंदी 30 दिवसांनी आपोआप पुसल्या जात होत्या. आमचा आयटीवाला प्रामाणिक आहे, पण प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत सगळं त्या एकट्याच्या डोक्यावर. 'खातं बंद कर' असं त्याला कोणी कळवलंच नव्हतं.

हे क्षुल्लक वाटेल. पण 2021 मध्ये अमेरिकेतल्या कलोनियल पाइपलाइन या कंपनीत हल्लेखोर शिरले ते अशाच एका वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्याच्या पासवर्डने. त्या खात्याला पासवर्डनंतर ओटीपीसारखी दुसऱ्या टप्प्याची पडताळणी नव्हती. इंधनवाहिनी काही दिवस बंद राहिली आणि कंपनीने 75 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे 44 लाख डॉलर, खंडणी मोजली. ती बातमी वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमची अकरा नावं होती.

आता क्लाउडवरच्या व्यवस्थेत प्रत्येकाची ओळख एकाच जागी तपासली जाते. मनुष्यबळ विभागाने शेवटच्या दिवसाची तारीख टाकली की त्या संध्याकाळी सगळी दारं एकदम बंद. विक्रीच्या माणसाला ऑर्डरचं सॉफ्टवेअर दिसतं, डिझाइनच्या फायली दिसत नाहीत. पूर्वी एकदा आत आला की तो घरचाच. नोंदी वर्षभर राहतात. 2009 मध्ये स्वतःवर झालेल्या सायबर हल्ल्यानंतर गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी याच विचाराची व्यवस्था उभारली, म्हणजे कल्पना काही कालची नाही.

धंद्याचा फायदा मात्र मला वेगळ्याच ठिकाणी सापडला. मोठे ग्राहक हल्ली ऑर्डरआधी सुरक्षेची प्रश्नावली पाठवतात. पहिल्यांदा आली तेव्हा 180 प्रश्नांना आम्ही तीन आठवडे घेतले आणि निम्म्या ठिकाणी 'प्रक्रिया सुरू आहे' असं लिहिलं. ऑर्डर गेली. गेल्या खेपेला काम दोन दिवसांत झालं: सेवादाराच्या, म्हणजे क्लाउड सेवा देणाऱ्या कंपनीच्या, वाट्याच्या प्रश्नांना त्याचं आयएसओ 27001 हे माहिती-सुरक्षेचं प्रमाणपत्र जोडलं, आमच्या वाट्याच्या प्रश्नांना नोंदींचे अहवाल. ऑर्डर मिळाली. ताळेबंदात याला रकाना नाही, म्हणून लेखातल्या आकडेमोडीतही तो आला नसावा.

आता दुसरी बाजू. तिसऱ्या महिन्यात बिल दुप्पट आलं. कोणीतरी हौसेने सगळ्याच हालचालींची नोंद ठेवायचं बटण चालू केलं होतं, आणि साठवलेल्या नोंदींचे पैसे पडतात. शिवाय क्लाउडवर गेलो म्हणजे जबाबदारी सेवादाराच्या गळ्यात घातली, असं होत नाही. 2019 मध्ये कॅपिटल वन बँकेच्या सुमारे 10.6 कोटी ग्राहकांची आणि अर्जदारांची माहिती चोरीला गेली, ती ॲमेझॉनच्या क्लाउडवर असताना. चूक बँकेने स्वतः लावलेल्या फायरवॉलच्या मांडणीत होती. आणि 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरचे सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पाडले, हे तर अनेकांना आठवत असेल. लेखात याचा उल्लेख हवा होता. करार करताना आम्ही दोनच गोष्टींवर अडून बसलो: सोडून जायचं ठरवलं तर आमच्या नोंदी वाचता येतील अशा स्वरूपात परत मिळाव्यात, आणि सेवा बंद पडली तर निदान पगार व माल पाठवणं हाताने चालू ठेवता यावं. दुसऱ्या अटीची तालीम आम्ही वर्षातून एकदा करतो. सगळे वैतागतात.

अजून एक गोष्ट, जी कोणत्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात मी पाहिलेली नाही. जुन्या पेटीत विसरलेलं खातं फुकट पडून राहायचं. आता दर खात्यामागे दरमहा आकार पडतो, त्यामुळे ती यादी दर महिन्याला माझ्या टेबलावर येते आणि मी टिकमार्क करतो. गेल्या महिन्यात एक नाव जास्त निघालं. बाहेरच्या सल्लागाराचं होतं, पगारपत्रकात नसलेलं. काम चार महिन्यांपूर्वी संपलेलं. त्याच दुपारी खातं बंद केलं.

आपला,
हिशेब विभागातला एक वाचक