दिल्लीच्या थंडीसाठी पांघरूण

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

जानेवारीत दिल्लीचा पारा ४-५ अंशांपर्यंत उतरतो. सोलापुरी चादरीवर तिथे भागायचं नाही, कम्फर्टरच घे, म्हणजे आत भराव घालून शिवलेलं जाड पांघरूण. पण हाताला जाड लागला म्हणून उचलू नकोस. लेबलवर जीएसएम बघ. एका चौरस मीटरमध्ये किती ग्रॅम भराव आहे, ते त्यावरून कळतं. १२० ते १५० चा एसीच्या खोलीपुरता असतो. तुला २५० ते ३०० चा हवा.

तुझा पलंग ३६ बाय ७२ इंचांचा आहे. त्यावर ६० बाय ९० चा सिंगल घातला की दोन्ही बाजूंना फूटभर लोंबतो, कुशीवर वळलीस तरी पाठ उघडी पडत नाही. त्या मापात २५० जीएसएमचा नुसता भराव ८७० ग्रॅम होतो, कापड धरून सव्वा ते दीड किलो. अख्खा कम्फर्टर पाऊण किलोतच आटोपला, तर लेबलावरचा आकडा खरा नाही.

मग टाके बघ. चौकटी १० ते १२ इंचांच्या आणि चारही बाजूंनी शिवलेल्या हव्यात. नुसत्या उभ्या रेघा मारलेल्या असतील, तर भराव हळूहळू पायाकडे उतरतो आणि खांद्यावर दोन कापडंच उरतात. उजेडासमोर धरून बघ, जिथून उजेड जास्त येतो तिथे भराव विरळ आहे. कडेची शिवण दोन्ही हातांनी ताणून बघ. रंग तुला आवडेल तो.

भराव मायक्रोफायबरचाच, म्हणजे बारीक कृत्रिम तंतूंचा घे. कापसाची रजई ऊबदार असते, पण भिजली की कापसाचे गोळे होतात, मग उसवून पिंजून घ्यावा लागतो. पीजीत राहून ते कुठे करणार?

सोबत सुती खोळ घेच, आत चारही कोपऱ्यांना नाड्या असलेली. कम्फर्टरच्या कोपऱ्यांवरही अडकवायला पट्ट्या हव्यात, नाहीतर तो खोळीत गोळा होऊन बसतो. चढवताना खोळ उलटी कर, नाड्या पट्ट्यांना बांध, मग हात आत घालून वरचे दोन कोपरे कापडासकट धर आणि झटकून खोळ सुलटी कर. खोळ दर १५ दिवसांनी धुतलीस, तर कम्फर्टर हिवाळ्यात एकदा आणि ठेवताना एकदा धुतला तरी पुरे.

तो पीजीतल्या छोट्या मशीनमध्ये कोंबू नकोस. मधल्या दांड्याला पीळ बसून टाके तुटतात आणि साबण आतच राहतो. पुढून दार असलेलं मोठं फ्रंट लोड मशीन असलेल्या लाँड्रीत ने, ड्रममध्ये वर मोकळी जागा राहिली पाहिजे. द्रव साबण नेहमीच्या निम्मा, पाणी कोमट, खळबळणं दोनदा. फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याने तंतू एकमेकांना चिकटतात आणि फुगीरपणा जातो. ऊब मिळते ती तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे.

बिघडतो तो बहुतेक वाळवताना. वरचं कापड दोन तासांत कोरडं लागतं, पण आतला भराव दमट असतो. त्याच रात्री खोळ चढवलीस की तिसऱ्या दिवशी कुबट वास येतो आणि तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. एका दोरीवर टाकलास, तर ओल्या वजनाने भराव घसरतो. फूट-दीड फूट अंतराच्या दोन दोऱ्यांवर आडवा पसर, तासातासाला उलट, प्रत्येक वेळी चौकटी बोटांनी चेपून गोळे मोकळे कर. धुक्याच्या दिवशी धुऊच नकोस. पूर्ण वाळला की नाही, ते मधली चौकट गालाला लावून बघ. गार लागली, तर अजून ओल आहे.

मार्चमध्ये ठेवताना जुन्या सुती चादरीत सैल बांध. हवा काढून घेणाऱ्या पिशवीत महिनोन् महिने दाबून ठेवलास, तर पुढच्या वर्षी तो पुरता फुगत नाही. त्यावर ट्रंक ठेवू नकोस. आणि पावसाळ्यात एखाद्या उघडिपीला काढून तासभर उन्हात टाक.

तुझी,
आई