अण्णा खोटं बोलले

सातारा,
२५ जानेवारी २०२६

प्रिय सुध्या,

सप्रेम नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, माझा गुडघा आहे तसाच आहे, तुझी शुगरही आहे तशीच असणार. झालं. आता नीट बसून वाच.

अण्णा खोटं बोलले.

इथे हे कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणतील. कळणार फक्त तुला, म्हणून तुला पाकीट टाकतोय. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर टाकून जेवायला बसतोस. वहिनींनी ऐकलं की बाळ्याच्या बायकोच्या कानावर जायला चहा उकळेपर्यंतही वेळ लागत नाही. आणि बापाचं हे बाळ्याला कळायला नकोय. निदान अजून तरी.

डिसेंबरात एका सकाळी अण्णांना फोन आला. रेकॉर्ड केलेली बाई हिंदीत म्हणाली, तुमच्या नावावरच्या नंबरवरून अश्लील मेसेज गेलेत, दोन तासांत नंबर बंद होईल, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. तू असतास तर शिवी दाबली असतीस. अण्णांनी नऊ दाबला. का? तर शासकीय सूचनेला उत्तर द्यायचं असतं. पुढे 'मुंबई पोलीस' आले, मग 'सीबीआय' आलं. तुमच्या आधारवर मुंबईत खातं उघडलंय, त्यातून काळा पैसा फिरलाय, म्हणाले. अण्णांना ते पटलं, कारण आधारची झेरॉक्स त्यांनी आयुष्यात कुठे कुठे दिली याचा हिशेबच नाही. (बहुतेक झेरॉक्स माझ्याच दुकानातल्या. हसू नकोस.) मग व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे झेंडा, टेबलावर फायली. "तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेरा बंद करायचा नाही. कुणाशी बोलायचं नाही. बोललात तर समोरचाही आत जाईल."

माई गेल्यापासून घरात दुसरं कोण आहे बोलायला? अण्णांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला आणि त्याच्यासमोर रात्रभर बसून राहिले. सकाळी पूजेसाठी परवानगी मागितली. साहेबांनी दिली म्हणे. "माणूस सभ्य होता," हे अण्णा मला आजही सांगतात!

आता मुख्य गोष्ट. दुसऱ्या दिवशी ते एफडी मोडायला बँकेत गेले. कॉल चालू, फोन सदऱ्याच्या खिशात. काउंटरवरच्या पोरीनं अगदी नेमका प्रश्न विचारला. "आजोबा, एवढी मोठी रक्कम? तुम्हाला कुणी फोन करून सांगितलंय का?" तिला शंभर मार्क द्यायला हवेत. आणि अण्णा म्हणाले, "नाही. मुलगा घर घेतोय."

पढवलेलं वाक्य होतं. खिशातल्या माणसानंच सांगितलं होतं, बँकेत विचारतील, घरचं कारण द्या. पण त्या पोरीनं पुन्हा खोदलं, कुठे घेतोय, तेव्हा "जर्मनीत" हे अण्णांनी पदरचं घातलं. बाळ्या तिकडे भाड्याच्या घरात राहतो आणि मार्चनंतर नोकरी राहते की नाही याच्या काळजीत आहे, हे तुला मला ठाऊक. अण्णांनाही ठाऊक.

सुध्या, १९८९ चा जून आठव. कराडची डिप्लोमाची सीट, तुझा दाखला, आणि कचेरीत अण्णांच्या टेबलासमोर हात बांधून उभे असलेले आपण दोघं. फक्त मागची तारीख घालायची होती. दोन दिवस मागची. अण्णा काय म्हणाले होते? "तारीख ही तारीख असते." बाळ्या घरी जाऊन रडला, माईंनी ताट वाढलं नाही, पण अण्णांनी पेन हलवलं नाही. सीट गेली, तू मामाच्या दुकानात इंदूरला गेलास. त्या दाखल्यानं तुझं भलंच झालं असं मी एकदा म्हणालो तर तू वर्षभर माझ्याशी बोलला नव्हतास. आता दोन दुकानं आहेत तुझी, तरी मी ते वाक्य परत घेतो. पण ज्या माणसानं तुझ्यासाठी दोन दिवसांची तारीख बदलली नाही, तो त्या पोरीच्या डोळ्यांत बघून जर्मनीत घर बांधून मोकळा झाला.

आरटीजीएस झाला. नऊ लाख चाळीस हजार. "रिझर्व्ह बँक पैसे तपासून अठ्ठेचाळीस तासांत परत करेल."

मला कळलं कसं? तिसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडतोय तोवर अण्णा दारात. फोन पुढे केला. "याच्या दोन प्रती काढ. वाचू नकोस." फाईलला लावायच्या होत्या! त्या चोरांना काय माहीत, की आपण पकडलेला माणूस तीस वर्षं कचेरीत होता आणि पीडीएफला तो कागद मानत नाही. आता झेरॉक्सवाला वाचल्याशिवाय राहतो होय? वर तीन सिंह, त्याखाली सर्वोच्च न्यायालय, त्याखाली रिझर्व्ह बँक, त्याखाली ईडी. म्हटलं, "अण्णा, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फाईल जायला तीन महिने लागतात हे तुम्हीच सांगायचा. तीन खात्यांच्या सह्या एका कागदावर, तेही एका दिवसात?"

ते बाकावर बसले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "जावक क्रमांक होता रे त्यावर."

मी तिथूनच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० लावला. हा नंबर दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेव, पाठ असल्याची फुशारकी मारू नकोस, अशा वेळी पाठांतर पळून जातं. तिकडच्या बाईनं खातं, रक्कम, वेळ आणि यूटीआर नंबर विचारला. तो यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक, बँकेच्या मेसेजमध्ये असतो, म्हणून घाबरून मेसेज पुसायचे नाहीत. त्यावरून ते पैसे ज्या ज्या खात्यातून पुढे गेले त्या त्या बँकेला कळवतात आणि वाटेत जे सापडेल ते गोठवतात. म्हणून सगळा खेळ पहिल्या काही तासांचा. आमचे आदल्या दुपारचे होते. दोन लाख पंधरा हजार तिसऱ्या खात्यात सापडले, बाकी पुढे फुटून गेले. अडकलेलेही लगेच मिळत नाहीत, कोर्टाचा आदेश लागतो. अर्ज दिलाय.

ते तिसरं खातं एका कॉलेजातल्या पोराचं निघालं. महिन्याला थोडे पैसे घेऊन त्यानं खातं, एटीएम कार्ड, सिम, सगळं 'भाड्यानं' दिलेलं. तुझ्या दुकानातल्या पोरांना हे ओरडून सांग. पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात, खऱ्या चोराच्या नाही.

तुझा प्रश्न मला इथून ऐकू येतोय, बँक भरून देत नाही का? तू मला एकदा ते २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचून दाखवलं होतंस, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही म्हणून. बरोबर आहे ते, पण ते तुझी काही चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यात हात घातला तर. इथे अण्णांनी स्वतः जाऊन, फॉर्म भरून, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात सही करून दिलंय.

लोक म्हणतात जागृती करा. अरे, अण्णांइतकं जागृत कोण होतं? २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये सांगितलं, की डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काहीच नाही, थांबा, विचार करा, मग काय ते करा. अण्णांनी ते रेडिओवर ऐकलं होतं आणि दुसऱ्या दिवशी मलाच ऐकवलं होतं. गेल्या वर्षी ती बच्चनची सायबर फसवणुकीची कॉलर ट्यून आपण दोघं शिव्या देत ऐकायचो, अण्णा शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. आणि नोटीस कशी बजावतात हे त्यांना कुणी शिकवायचं? हयातभर दाराला नोटिसा चिकटवल्या त्या माणसानं. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं गेल्या वर्षी जानेवारीत सांगितलं, तेव्हा "योग्यच" म्हणाले होते. सगळं माहीत होतं रे. पण तो गणवेश समोर आला आणि माहिती एका बाजूला राहिली. मला वाटतं, खोलीत दुसरं माणूस असतं, नुसतं "कोणाचा फोन?" एवढं विचारणारं, तरी हे झालं नसतं. म्हणूनच तर पहिली अट असते कुणाला सांगायचं नाही.

मी त्यांना लुधियानाच्या वर्धमानच्या ओसवालांचं सांगितलं. एवढा मोठा उद्योगपती, पद्मभूषण, वय ८२, त्यांना २०२४ मध्ये सात कोटींना फसवलं. व्हिडिओवर खोटं सर्वोच्च न्यायालय भरवलं, खोटे सरन्यायाधीश बसवले. म्हटलं, अण्णा, तिथे तुमची माझी काय कथा. अण्णांनी शांतपणे विचारलं, "त्यांचे बरेचसे परत मिळाले ना?" मिळाले म्हटलं. "आणि ते कुणाशी खोटं बोलले का?" यावर काय बोलणार? पैशाचं नाव काढत नाहीत. त्या पोरीची काउंटरची वेळ टाळून पासबुक भरून आणतात.

आता दुसरं टोक. फोनच उचलत नाहीत. सायबरचा खरा हवालदार जबाबासाठी फोन करत होता, त्याला अण्णांनी जावक क्रमांक विचारला, तो गडबडला, यांनी फोन ठेवला. शेवटी बिचारा गाडी काढून घरी आला, तर दाराच्या फटीतून त्याचं ओळखपत्र मागून घेतलं आणि मला बोलावून तपासायला लावलं. त्यात १ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या डिजिटल अरेस्टचा तपास सीबीआयकडे दिलाय. खरा सीबीआयवाला उद्या आलाच तर त्याचं काय होईल, विचार कर.

हे हसण्यावारी नेलं असतं. पण परवा आणखी एक फोन आला, तो मात्र त्यांनी उचलला. "तुमचे अडकलेले पैसे सोडवून देतो, आधी थोडी फी भरा." नेमकी रक्कम त्याला माहीत होती. एकदा फसलेल्यांची यादी पुढे विकली जाते. या वेळी अण्णांनी मला सांगितलं. पण कसं? "सांगू की नको असं झालं होतं," म्हणाले. माझी झोप उडाली ती इथे. चोरांनी सांगितलं कुणाला सांगू नका, ते संपलं. आता अण्णा स्वतःच सांगतात, कुणाला सांगू नकोस. बाळ्याला तर नाहीच. माझ्याकडून शब्द घेतलाय, माईंच्या फोटोसमोर.

तर मी पुष्कळ विचार केला. शब्द दिला तो बाळ्याला न सांगण्याचा. तुला न सांगण्याचा नाही. ही पळवाट अण्णांच्याच कचेरीत शिकलोय.

तू बाळ्याला सांगू नकोस. तू ये. फेब्रुवारीत दोन दिवस काढ. त्यांच्या तोंडून बाळ्याला फोन जायला हवा, आणि तो माझ्या बोलण्यानं जात नाहीये. मी रोजचा. तुझ्यासमोर त्यांना त्या दाखल्याची आठवण होणार, हे मला कळतं. गेल्या आठवड्यात त्यांनी आपणहून विचारलं, "सुधाकर अजून रागावलाय का?" पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हटलं, विचारून सांगतो.

सोनूचं ठरतंय असं ऐकलं, अभिनंदन. पत्रिका कागदाची पाठव. व्हॉट्सॲपवर 'लग्नपत्रिका' नावाची एपीके फाईल आली की आमच्या आळीत आता कुणी उघडत नाही, मागच्या महिन्यात तिघांचे फोन त्यानं हॅक झाले. त्यातला एक आपला गण्या. त्याच्या नंबरवरून मला मेसेज आला, "कृपया तातडीने वीस हजार पाठवावे." गण्या आणि कृपया! तेव्हाच ओळखलं. तुझ्या व्हॉट्सॲपला तो सहा आकड्यांचा पिन लावलायस का, नसेल तर वहिनींना सांग, त्या लावतील. मामांच्या पायाचं काय झालं?

इंदूर-पुण्याची गाडी पकड, स्वारगेटहून विनाथांबा एसटी आहे. मी स्टँडवर येतो. अण्णांना आधी फोन करू नकोस, उचलणार नाहीत.

तुझा,
नंदू

ता. क. सगळीकडे तो एकच पासवर्ड अजून आहे ना तुझा, तिचं नाव आणि पुढे १९८९? बदल आता. ती परवा दुकानात आली होती, नातवाच्या बालवाडीचे फॉर्म झेरॉक्स करायला.