कायद्याच्या बातमीत कलम आणि तारीख पण छापा की!

मा. संपादक साहेब, स.न.

मी अमळनेर कोर्टात वीसेक वर्षं प्रॅक्टिस करतोय. पेपरात 'अमुक कायदा बदलला' असं हेडिंग आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन-चार जण तरी पेपरची घडी घेऊन टेबलापुढे उभे, आणि मग मला सांगत बसावं लागतं की भाऊ, मंत्रिमंडळाने ठरवलं म्हणजे कायदा झाला नाही, अजून विधेयक नाहीतर अध्यादेश निघायचाय, मग राज्यपालांची सही, मग राजपत्र, आणि राजपत्रात आला तरी लागू व्हायची तारीख वेगळी असू शकते. समोरचा असा बघतो की जसं त्याचं काम मीच अडवलंय.

जानेवारी २०२४ चा ट्रकवाल्यांचा संप आठवतो ना, पंपांवर रांगा लागल्या होत्या. अपघात करून न कळवता पळालं तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा, त्यावरून तो पेटला होता. जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली खरी, पण या शिक्षेचं ते १०६(२) पोटकलम वगळून. संप पहिल्या पानावर होता, हे वगळणं मात्र मला तरी कुठे मोठं दिसलं नाही, त्यामुळे आग्रा रोडवर गाड्या चालवणारे माझे पक्षकार नंतरही कितीतरी दिवस त्याच धाकात होते. आणि १४४ म्हणजे जमावबंदी हे तर सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय, ती आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ ला गेली आणि १४४ ला पोटगी आली. '१४४ लागू' असं अजून कोणी छापलं की आम्ही बाररूममधे हसतो.

पण हसायचा हक्क मला तरी फारसा नाही. २०२१ मधे एक अक्का आल्या होत्या, वडील २००१ ला वारलेले, भावांनी वाटप केलेलं नाही, वडिलोपार्जित शेतीत मला हिस्सा मिळेल का म्हणून विचारत होत्या. मी छातीठोक सांगितलं की मुलींना समान हक्क देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली, तेव्हा वडील हयात नव्हते म्हणून नाही. २०१५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तसाच होता. पण ११ ऑगस्ट २०२० ला तीन न्यायाधीशांनी विनीता शर्मा प्रकरणात तो फिरवला, मुलीचा हक्क जन्मापासून, वडील हयात असायची गरज नाही. लॉकडाऊनमधे कोर्ट बंदसारखीच, निकाल छापणाऱ्या जर्नलची वर्गणी भरायची पण राहून गेलेली, मला पत्ताच नाही. महिन्याभराने अक्का मुलाचा मोबाईल घेऊन परत आल्या, म्हणे, "वकीलसाहेब, आठे तं निराळंच लिखेल शे." त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी अर्धा तास ठेवलाय. केंद्राचे कायदे इंडिया कोड या सरकारी साईटवर दुरुस्त्यांच्या तळटीपांसह फुकट मिळतात, सुप्रीम कोर्टाचे निकाल २०२३ पासून कोर्टाच्याच ई-एससीआर या ऑनलाइन संग्रहात फुकट, काही तर मराठीत पण. शासन निर्णय म्हणून व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्याच्या शेवटी संकेतांक बघायचा, तो सरकारी साईटवर टाकायचा, नाही सापडला तर तो कागद विसरायचा. एआयला विचारून बघितलं, त्याने अस्तित्वातच नसलेला निकाल ऐटीत दिला, तो नाद सोडला. खरी गोची राज्याच्या कायद्यांची आहे, दुरुस्तीच्या राजपत्रात नुसतं 'या शब्दांऐवजी हा मजकूर दाखल करावा' असं असतं, मूळ कायदा शेजारी ठेवून जुळवत बसा, त्यात पीडीएफ स्कॅन केलेली असली तर शब्द शोधायची पण सोय नाही.

हे सगळं शेतकऱ्याने करावं असं मी म्हणत नाही. तुम्ही फक्त बातमीखाली दोन ओळी टाका: कायदा कुठल्या टप्प्यावर आहे, आणि कलम कोणतं, राजपत्राची तारीख काय, लागू कधीपासून. जागा कमी पडली तर राशिभविष्यातून कापा, माझी रास गेली तरी चालेल.

आपला वाचक,
एक वकील, अमळनेर (जि. जळगाव)