विस्मरणाची नोंद रक्तदाबाच्या रजिस्टरपर्यंत पोहोचावी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात मी आरोग्यसेविका म्हणून काम केले व आता निवृत्त आहे. आशाताई घरोघरी भरतात त्या सी-बॅक या आरोग्य तपासणीच्या अर्जात साठीपुढच्या माणसांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता तुम्ही विसरता का? उत्तर 'हो' आले की खूण होते आणि आमच्या भागात बहुधा प्रकरण तिथेच थांबते, कारण बुढ्याला म्हातारचळ लागला असे घरच्यांनी केव्हाच ठरवलेले असते. त्याच माणसाचा रक्तदाब वेगळ्या रजिस्टरात असतो. या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध आहे, एवढेच मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

विस्मरण आणि रोहिण्यांचे, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्यांचे विकार यांचे नाते जनुकांतही दिसते. एपीओई या जनुकाचा ई४ प्रकार अल्झायमर या विस्मरणाच्या आजाराचा धोका वाढवतो, हे १९९३ साली पुढे आले. हे जनुक ज्या प्रथिनाचे, ते कोलेस्टेरॉल वाहून नेते. त्यामुळे ई४ असणाऱ्यांच्या रक्तात एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरीने अधिक आढळते आणि हृदयाच्या रोहिण्यांचा विकार होण्याची शक्यताही काहीशी वाढते. २०१३ साली ट्रेम-२ या जनुकातील एक दुर्मीळ बदल अल्झायमरशी जोडला गेला. हे जनुक मेंदूतील मायक्रोग्लिया, म्हणजे अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड हे प्रथिन गिळून साफ करणाऱ्या प्रतिकारपेशींमध्ये काम करते. आणि रोहिणीच्या भिंतीत चरबी गिळून फुगलेल्या मॅक्रोफेज पेशींमध्येही तेच सक्रिय आढळते. सफाई करणाऱ्या या पेशी थकल्या की दाह मागे उरतो. रोहिणीविकारात दाहाचा वाटा किती खरा, हे २०१७ च्या कँटॉस चाचणीने दाखवले: कोलेस्टेरॉलला हात न लावता केवळ इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह वाढवणारे प्रथिन औषधाने रोखल्याने हृदयविकाराचे झटके कमी झाले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले, त्यामुळे ते औषध आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात यावे असे मी मुळीच म्हणत नाही.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे विदर्भातील लोकांना जनुकाची तपासणी ठाऊक आहे, म्हणून उद्या कोणी ई४ साठी शिबिरे भरवण्याचा प्रस्ताव आणेल. तो कृपया स्वीकारू नये. सिकलसेलच्या तपासणीनंतर औषध आणि लग्नापूर्वीचा सल्ला देता येतो. ई४ असूनही अनेकांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) होत नाही, नसूनही होतो, आणि कागद हाती आल्यावर घरात फक्त भीती उरते.

जनुक बदलता येत नाही, रक्तदाब येतो. ग्रामीण चीनमधील ३२६ गावांत सुमारे ३४ हजार लोकांवर झालेल्या चाचणीत गावपातळीवरच्या डॉक्टरांनीच रक्तदाब काटेकोरपणे आटोक्यात ठेवला आणि चार वर्षांत डिमेन्शियाचे प्रमाण १५ टक्क्यांनी कमी राहिले. हा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांच्या जोडीला मध्यम वयातील वाढलेले एलडीएलही घेतले. (तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याविषयी स्वतंत्र पत्र लिहावे लागेल.)

म्हणून विनंती अशी की, सी-बॅकमध्ये विस्मरणाची खूण झालेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने त्याच आठवड्यात तपासावी, आणि थायरॉइड व बी-१२ साठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे, कारण त्यांच्या कमतरतेने झालेले विस्मरण उपचाराने सुधारू शकते. त्याहून मोठी अडचण गोळ्यांची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत बाईमाणूस मजुरी बुडवून दर महिन्याला गोळ्या आणायला येत नाही, आणि रक्तदाबाची गोळी अशी तुटली की महिनोन्महिने तुटलेलीच राहते. ज्यांचा रक्तदाब स्थिर आहे त्यांना उपकेंद्रातूनच तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात आणि वेचणी सुरू होण्याआधी तेवढा साठा तिथे पोहोचावा, असा आदेश आपण काढावा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. घाटंजी, जि. यवतमाळ