मुक्ता, रीतसर सुट्टी घे

नेरूळ, रविवार

प्रिय मुक्ता,

परवा तुझा फोन ठेवल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. काकूंना केमोसाठी ठाण्याहून खारघरला न्यायचं, संध्याकाळी परत आणायचं, त्यांना उलट्या होत असताना रात्री शेजारी बसून जर्नल लिहायचं. अगं, किती दिवस ओढशील असं? मला मनापासून वाटतं, तू यंदा ब्रेक घे. पण नुसतं कॉलेजला जायचं बंद करू नकोस, रीतसर अर्ज देऊन घे.

नुसती गैरहजर राहिलीस की हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाते, डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव लागतं, टर्म अडते, वर केट्या, म्हणजे राहिलेले विषय, साठतात. त्या कागदावर तुझ्या आईचं आजारपण कुठेच दिसत नाही, फक्त लाल रेघ दिसते. अर्ज असला की बोलायला जागा राहते. काकूंच्या फाइलमधल्या कागदांच्या झेरॉक्स जोड, काकांची सही घे आणि ऑफिसमधून तारखेचा आवक शिक्का मारलेली प्रत मागून घे. ती मिळाल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस. परत येताना फी कशी लागेल, पुढची ॲडमिशन कधी, स्कॉलरशिपचं काय, हे तेव्हाच विचार. आणि झालेल्या सेमिस्टरची काळजी सोड. पास झालेल्या विषयांचे तुझे क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेत ना, बघून घे. ते ७ वर्षांपर्यंत चालतात.

बाबा गेल्यावर मी थांबले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी 'वर्ष वाया जाईल' एवढंच पुन्हा पुन्हा ऐकवलं. आई मात्र काही बोलली नाही. सकाळी मी पलंगाच्या कडेला एक मोजा घालून, दुसरा हातात धरून तशीच बसून राहायचे. ती येऊन तो मोजा काढून घ्यायची आणि म्हणायची, "चल, चहा टाकलाय." पहिले काही आठवडे मी नुसती झोपले. मग आम्ही दोघी संध्याकाळी इथल्या ज्वेल ऑफ नवी मुंबईच्या तलावाला फेऱ्या मारायला लागलो. बाबांचे पेन्शनचे कागद, बँकेची कामं, सगळं त्या वर्षात उरकलं. कॉलेज चालू असतं तर यातलं काहीच धड झालं नसतं.

तुला गोड गोड सांगणार नाही. बॅच पुढे जाते. ग्रुपवर आधी सगळे विचारपूस करतात, मग व्हायवा आणि फेस्टच्या गप्पा सुरू होतात आणि आपल्याला त्यात बोलायला काही नसतं. ते लागतं मनाला. परतल्यावर ज्युनियर्सच्या बाकावर बसतानाही पहिले काही दिवस जड जातात. मग त्यांतलीच एखादी आपणहून नोट्स पुढे करते आणि सुटतं सगळं.

तू मात्र एकटीने सगळं अंगावर घेऊ नकोस. घरी रडता येत नसेल आणि मला फोन करायलाही नको वाटत असेल, तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर लाव. फुकट आहे, रात्री-बेरात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. आणि लोकलमध्ये काकूंना घेऊन लेडीजच्या गर्दीत उभी राहू नकोस, दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं. फाइल जवळ ठेव.

येत्या शनिवारी मी सकाळीच ठाण्याला येते. काकूंजवळ मी बसेन. त्यांना भात जात नसेल तर पेज करून घालेन, तू आधी फोनवर विचारून ठेव त्यांना काय चालतं. तेवढ्या वेळात तू काकांना घेऊन प्राचार्यांना भेटून ये. अर्जाचा मसुदा मी लिहून पाठवते, तू फक्त नाव, वर्ग आणि रोल नंबर घालून त्याच्या दोन प्रती काढ.

काकूंना नमस्कार सांग.

तुझीच,
रेवा