गिरणी हलवू नका, दळण न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला ‘सिस्टिम प्रोग्रॅमिंग अँड कंपायलर कन्स्ट्रक्शन’ हा विषय आहे आणि त्याच्या प्रॅक्टिकलला लेक्स-याकची जोडी ठरलेली: लेक्स मजकुराचे तुकडे (टोकने) पाडणारा स्कॅनर काढून देतो, याक त्या तुकड्यांची रचना व्याकरणाशी ताडणारा पार्सर. आज त्यांच्या जागी फ्लेक्स आणि बायसन वापरतात. प्रयोगशाळेतली यंत्रे बदलली, लिनक्सची नवी आवृत्ती चढली की जर्नलमध्ये वर्षानुवर्षे उतरवला गेलेला प्रोग्रॅम कंपाइल होईनासा होतो. मग ‘बायसन बिघडलाय’, ‘जुनं व्हर्जन टाका’, ‘वॉर्निंग बंद करा’ असे सल्ले फिरू लागतात. बायसन सहसा बिघडलेला नसतो.

आधी ठरवायचे ते एवढेच, की हलवायचे नेमके काय आहे? याक किंवा बायसन व्याकरणाची फाइल वाचतो आणि सी भाषेतला पार्सर लिहून देतो. म्हणजे इथे कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) दोन वेळा येतो. एकदा खुद्द बायसन बांधताना आणि एकदा बायसनने काढलेला कोड बांधताना. ही दोन्ही कामे एकाच यंत्रावर, एकाच कंपायलरने व्हावीत अशी कुठलीही अट नाही. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत पार्सर हवा असेल तर तो लिनक्सवर काढून घ्यावा आणि तयार सी फाइल व तिची हेडर फाइल (घोषणांची जोडफाइल) तेवढी तिकडे न्यावी. दळण हवे म्हणून कोणी गिरणी घरी उचलून आणत नाही. दहातल्या नऊ जणांचे काम इथेच संपते.

दळण नेतानाही खडे लागतात. पहिला खडा फ्लेक्सचा. त्याचा कोड ‘युनिस्टड’ ही हेडर फाइल मागतो आणि मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरकडे ती नाही, म्हणून सी १०८३ ही चूक येते. रिकामी हेडर फाइल बनवून वेळ मारून नेण्यापेक्षा नियमांच्या फाइलीत वरच ‘नोयुनिस्टड’ आणि ‘नेव्हर-इंटरॲक्टिव्ह’ हे दोन पर्याय लिहावेत. दुसऱ्या पर्यायामुळे इनपुट कीबोर्डवरून येते आहे का हे तपासणारा भागच गळून पडतो. लिंकर (बांधलेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) ‘वायवायरॅप’ हे फंक्शन सापडत नाही म्हणून अडला तर ‘नोवायवायरॅप’ हा तिसरा पर्याय जोडावा. फ्लेक्सची लायब्ररी शोधत बसू नये, कारण तिचे नाव आणि जागा प्रत्येक ठिकाणी वेगळी असते.

आता लिनक्सवरच्या जीसीसी कंपायलरकडे. जर्नलमधल्या बहुतेक प्रोग्रॅमांत वायवायलेक्स (पुढचे टोकन देणारे फंक्शन) आणि वायवायएरर (चूक कळवणारे) यांची घोषणाच नसते. १९९९ च्या सी मानकापासून हे चुकीचे आहे, पण कंपायलर पाव शतक नुसती वॉर्निंग देऊन कानाडोळा करत आले. २०२३ मध्ये क्लँग या दुसऱ्या कंपायलरच्या १६ व्या आवृत्तीने आणि मे २०२४ मध्ये जीसीसी १४ ने ही वॉर्निंग सरळ एरर करून टाकली. उबंटू २४.०४ सोबत जीसीसी १३ येतो, डेबियन १३ सोबत १४. म्हणून तीच फाइल एका बाकावर चालते आणि शेजारच्या बाकावर अडते. उपाय दोन ओळींचा आहे. व्याकरणाच्या फाइलीतल्या सुरुवातीच्या सी भागात ‘इंट वायवायलेक्स(व्हॉइड);’ आणि ‘व्हॉइड वायवायएरर(कॉन्स्ट चार *एस);’ असे लिहावे (इथे देवनागरीत, फाइलीत अर्थातच रोमनमध्ये). कंसातला ‘व्हॉइड’ आणि ‘कॉन्स्ट चार’ आळसाने गाळू नयेत. एप्रिल २०२५ च्या जीसीसी १५ ने आपणहून सी २३ धरले आहे आणि त्यात रिकामा कंस म्हणजे ‘काहीही चालेल’ नसून ‘काहीच घेत नाही’. कंसात नुसते नाव आणि प्रकार खालच्या ओळीत, ही सत्तरच्या दशकातली फंक्शनची लिहिण्याची पद्धतही सी २३ मधून गेली आहे.

वॉर्निंग दाबून काम भागते हे खरे, पण त्याची किंमत भलतीकडे मोजावी लागते. लेक्सच्या नियमात नाव साठवायला ‘स्ट्रडप’ (शब्दाची प्रत काढून तिचा पत्ता देणारे फंक्शन) हमखास वापरतात. जुन्या जीसीसीला काटेकोर सी ९९ चा पर्याय दिला की ‘स्ट्रिंग’ हेडर जोडूनही ‘स्ट्रडप’ची घोषणा दिसत नाही, कारण ते सी ९९ मध्ये नाहीच, पोझिक्स या युनिक्सच्या मानकात आहे. मग कंपायलर ते इंट परत करते असे मानतो, ६४ बिटांच्या पत्त्यातले वरचे ३२ बिट कापले जातात आणि छपाईच्या ओळीवर प्रोग्रॅम कोसळतो. ‘पूर्वी चालायचं’ ही तक्रारही खोटी नसते. तेव्हा प्रोग्रॅम आणि त्याची मेमरी खालच्या पत्त्यांवर असे आणि कापण्यासारखे वर काहीच नसे. उबंटूने १६.१० पासून ६४ बिटांवर प्रोग्रॅम कुठल्याही पत्त्यावर बसतील असे बांधायला सुरुवात केली आणि लपलेली चूक वर आली. अशा ठिकाणी ‘ग्नू ९९’ किंवा ‘ग्नू ११’ हा पर्याय द्यावा. विंडोजवर ६४ बिटांतही ‘लाँग’ ३२ बिटांचाच राहतो, म्हणून पॉइंटर (मेमरीतला पत्ता) लाँगमध्ये कोंबण्याची युक्ती तिथे चालत नाही. टोकनच्या किमतीचा मूळ प्रकार इंट असतो. तिथे ‘युनियन’ लिहून पॉइंटरला त्याची स्वतःची जागा द्यावी.

मराठी मजकूर वाचणाऱ्या पार्सरसाठी यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि मार्गदर्शिकांत तीच कमी आढळते. यूटीएफ-८ या अक्षरांच्या संकेतपद्धतीत ‘क’ हे अक्षर २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांचे असते. हाताने लिहिलेल्या वायवायलेक्सने ‘चार’ पॉइंटरवरचे मूल्य जसेच्या तसे परत केले, तर इंटेल-एएमडीच्या यंत्रांवर ‘चार’ चिन्हांकित (ऋण संख्याही धरणारा) असल्यामुळे २२४ चे उणे ३२ होतात. बायसन शून्य आणि कोणतीही ऋण संख्या ‘इनपुट संपले’ अशी वाचतो. तोवरचे वाक्य पूर्ण झालेले असेल तर पार्सर यशस्वी म्हणून परततो आणि पुढचा मजकूर गुपचूप टाकून देतो. तोच कोड रास्पबेरी पायच्या लिनक्सवर नेला तर तिथे ‘चार’ अचिन्हांकित, म्हणून २२४ च येतात आणि व्याकरणाची चूक दाखवली जाते. दोन यंत्रांवर दोन निकाल, आणि चूक न दाखवणारे यंत्र जास्त धोक्याचे. परत करण्याआधी ‘अनसाइन्ड चार’मध्ये बदलून घ्यावे. बायसनची नावाची टोकने २५८ पासून सुरू होतात, त्यामुळे २५५ पर्यंतच्या बाइटांशी टक्कर होत नाही. फ्लेक्सच्या बाबतीत वेगासाठीचे ‘सीएफ’ टेबल देवनागरीला घातक. ते निवडले की फ्लेक्स सहसा ७ बिटांचा स्कॅनर काढतो आणि ८ बिटांचे अक्षर आले की तो लटकतो किंवा कोसळतो. सोबत ‘-८’ हा पर्याय द्यावाच. शिवाय फ्लेक्समधला टिंब एक बाइट पकडतो, एक अक्षर नव्हे.

विंडोजमध्ये सेव्ह करून पेनड्राइव्हवरून लिनक्सवर आणलेल्या फाइलींच्या ओळींना दोन चिन्हांचा शेवट असतो. नियमातले डॉलर चिन्ह फक्त नव्या ओळीच्या चिन्हाआधी जुळते, मधे कॅरेज रिटर्न आला की जुळत नाही. आधी ‘डॉस-टू-युनिक्स’ चालवावे, मग डोके खाजवावे.

मॅकवाल्यांसाठी थोडक्यात: ॲपलसोबत येणारा बायसन २.३, म्हणजे २००६ चा आहे. सविस्तर चुकीच्या संदेशासाठीची आजची आज्ञा त्याला कळत नाही. होमब्रू या पॅकेज व्यवस्थापकाने नवा बायसन घातला तरी तो आपोआप वाटेत येत नाही, आज्ञा शोधण्याच्या पाथमध्ये त्याची जागा पुढे लिहावी लागते.

आणि खरोखरच गिरणीच हलवायची असेल तर? मग बायसनपासून सुरुवात करू नये. त्याला चालताना एम४ हा मॅक्रो विस्तारणारा प्रोग्रॅम लागतो, साच्यांच्या फाइलींचे फोल्डर लागते, आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’सारख्या मधे जागा असलेल्या वाटेवर त्याची जुनी विंडोज आवृत्ती एम४ पर्यंत पोहोचतच नाही. बर्कली याक बरा. बायसनचा मूळ कोड लिहिणारे रॉबर्ट कॉर्बेट यांचेच ते काम, सगळे साध्या सीमध्ये, एम४ ची गरज नाही. एसक्यूलाइट या डेटाबेससाठी वापरला जाणारा लेमन तर दोन फाइलींत मावतो, पण त्याची व्याकरणाची लिपी वेगळी आहे आणि त्यात पार्सर स्कॅनरला हाक मारत नाही, उलट घडते. जर्नलला तो चालणार नाही.

बायसनच हवा असेल तर टारबॉल (मूळ कोडचे गाठोडे) पेनड्राइव्हवर सोडवून कॉपी करू नये, नव्या यंत्रावरच सोडवावा. बायसनचे स्वतःचे व्याकरण बायसनमध्येच लिहिलेले आहे आणि त्याचा तयार सी कोड टारबॉलमध्ये असतो. फॅट पद्धतीच्या पेनड्राइव्हवर वेळेची नोंद दोन सेकंदांच्या टप्प्याने होते. साध्या कॉपीत वेळांचा क्रम उलटला की बांधणी चालवणाऱ्या ‘मेक’ला तयार फाइल शिळी वाटते आणि ती नव्याने काढायला तो बायसनच मागतो, जो अजून बांधलेलाच नाही. तयार फाइलींवर शेवटी ‘टच’ (फाइलीची वेळ आताची करणारी आज्ञा) चालवला की हा पेच सुटतो. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या रनटाइममध्ये ‘टीएमपीफाइल’ हे फंक्शन ड्राइव्हच्या मुळाशी फाइल उघडू पाहते, तिथे सामान्य वापरकर्त्याला परवानगी नसते. बर्कली याकला तात्पुरत्या फाइली लागतात, तेव्हा ही जागा बदलावी. आणि जुने जनरेटर मूळ फाइलीचे नाव सांगणाऱ्या ‘#लाइन’ ओळीत विंडोजचा पाथ तसाच लिहितात, मग बॅकस्लॅशपुढचा एन किंवा टी हे नव्या ओळीचे आणि टॅबचे चिन्ह ठरते.

बांधून झाल्यावर ‘चालला’ म्हणून थांबू नये. त्याच आवृत्तीच्या जुन्या आणि नव्या जनरेटरला तेच व्याकरण द्यावे, ‘#लाइन’ ओळी बंद ठेवाव्यात आणि निघालेल्या दोन्ही फाइली बाइट-बाइट ताडून पाहाव्यात. ओळींचे शेवट वगळता फरक नको. फरक असलाच तर ‘-व्ही’ देऊन मिळणारा अहवाल उघडावा. पार्सरच्या स्थितींची आणि संघर्षांची (एकाच जागी दोन वाटा) संख्या तीच, फक्त क्रमांक बदललेले, असे असेल तर क्रम लावणाऱ्या ‘क्यूसॉर्ट’ फंक्शनकडे पाहावे. समान नोंदींचा क्रम तो राखेलच असे सी मानक म्हणत नाही, आणि दोन रनटाइममध्ये ते वेगळे लिहिलेले असते. पण शिफ्ट-रिड्यूस (पुढचे टोकन घ्यावे की आधीची गुंडाळावीत) संघर्षांचा आकडाच बदलला, तर चूक जनरेटर बांधण्यात झाली आहे. डॉसबॉक्समधल्या टर्बो सीवर इंट १६ बिटांचा असतो आणि ३२ बिटांचा शब्द धरून लिहिलेले बिटसंच तिथे अर्धवट भरतात, हे त्याचे नेहमीचे कारण. लटकणाऱ्या (कोणत्या ‘इफ’चा ते न ठरणाऱ्या) ‘एल्स’चा एक संघर्ष अपेक्षित असेल तर व्याकरणात ‘एक्स्पेक्ट १’ लिहून ठेवावे, म्हणजे आकडा हलला की बायसन स्वतःच अडेल. ताडण्याच्या फाइलींत एक रिकामी, एक शेवटी नवी ओळ नसलेली, एक विंडोजमध्ये सेव्ह केलेली आणि एक देवनागरी अक्षर असलेली ठेवावी. महाविद्यालयांनी जर्नलच्या पहिल्या पानावर बायसन, फ्लेक्स आणि कंपायलर यांच्या आवृत्त्या व कंपाइल करण्याची पूर्ण आज्ञा छापावी, अशी विनंती आहे.

आपले,
कंपायलर विषय शिकवणारे दोन वाचक,
माटुंगा, मुंबई