अनोळखी कीटकासाठी एक रकाना द्या : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स. न. वि. वि.

२००२ सालचा पावसाळा. मी अकरावीत होतो. वारणेच्या काठी आमचा दीड एकर ऊस उभा होता आणि त्याच्या पानांखाली कापूस पिंजून चिकटवावा तसं काहीतरी पांढरं दिसायला लागलं. सरीतून चालत गेलं की केस, भुवया, शर्टाची बाही पांढरी व्हायची. खालच्या पानांवर चिकटा ठिबकायचा, त्यावर काळी बुरशी धरायची. बघता बघता हिरवा फड काजळी धरल्यासारखा झाला. वडिलांनी पान तोडून कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे शेतावर फिरून उसाची नोंद घेणाऱ्या माणसाला दाखवलं, त्यानं ते पुढं नेलं. बरेच दिवस कुणालाच नाव सांगता येईना. तोवर दुकानदार देईल ते औषध आम्ही फवारत राहिलो, उधारीवर.

नाव नंतर कळलं : लोकरी मावा. सांगली जिल्ह्यातून तो पश्चिम महाराष्ट्रभर पसरला, सीमेपलीकडे कर्नाटकात गेला. आमच्या दृष्टीनं तो आभाळातून पडलेला होता. खरं तर त्याची भारतातली नोंद १९५८ ची आहे, बंगालमधली. त्यानंतर आसाम, नागालँडकडूनही त्याच्या नोंदी होत्या. म्हणजे चव्वेचाळीस वर्षं हा कीटक आपल्याच देशाच्या कागदोपत्री होता. फक्त त्याची हद्द आता आमच्या बांधापर्यंत आली होती.

महोदय, त्या माव्यातून आमचा ऊस कसा वाचला ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एका संध्याकाळी वडील मोटारसायकलवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेली उसाची पानं घेऊन आले. पान उलटलं तर लोकरीच्या मधोमध रेशमी जाळीचा बोगदा, आणि त्यात एक बारीक अळी मावा फस्त करत बसलेली. ती डिफा. दुसऱ्या पानावर मायक्रोमस या मावा खाणाऱ्या आणखी एका कीटकाच्या अळ्या. पानांचे तुकडे करून आम्ही ते ठिकठिकाणी आमच्या उसाला सुतळीनं बांधले आणि त्या दिवसापासून पंप माळ्यावर टाकला. डिफा आणि मायक्रोमस हे शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आजही पाठ आहेत. पुढं आसामातून एन्कार्सिया नावाची डोळ्यांना जेमतेम दिसणारी गांधीलमाशी आणून महाराष्ट्र-कर्नाटकात सोडली गेली. तिनं माव्याच्या अंगात अंडी घातली आणि आपलं काम केलं.

ती आसामातूनच का आणली? मावा तिथं पूर्वीपासून आहे आणि तरीही तिथं तो असा हाहाकार करत नाही, हे कुणीतरी आधी लिहून ठेवलं होतं म्हणून. शत्रू कुठला ते माहीत असेल तरच त्याचा वैरी कुठं शोधायचा ते कळतं. आमच्या दीड एकराची किंमत त्या जुन्या नोंदीत होती, आणि ती नोंद करणाऱ्याला सांगली जिल्हा नकाशावर कुठं आहे हेही कदाचित ठाऊक नसेल.

या अशा नोंदींसाठीच आज आपल्याला लिहितो आहे.

भारतीय प्राणी सर्वेक्षण दरवर्षी एक यादी प्रसिद्ध करतं. २०२३ या वर्षाच्या यादीत ६४१ प्राणी होते. त्यातल्या ४४२ प्रजाती विज्ञानाला पूर्णपणे नव्या, आणि १९९ प्रजाती जगाला माहीत असलेल्या पण भारतात पहिल्यांदाच सापडलेल्या. वर्तमानपत्रांत बातमी होते ती बहुतेक पहिल्या आकड्याची. ‘नवी प्रजाती’ म्हटलं की फोटो छापून येतो, सत्कार होतो, आणि तो व्हायलाच हवा. ‘नवी नोंद’ मात्र मागं राहते. त्यातही एखादा कीटक एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पहिल्यांदा दिसला, घाटाखालचा घाटावर दिसला, जूनमध्ये दिसणारा मार्चमध्ये दिसला, याची तर दखल घ्यायला जागाच नाही. शेतकऱ्याला मात्र नेमकी तीच नोंद उपयोगाची असते.

लष्करी अळीचंच पाहा. अमेरिका खंडातली ही अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत नोंदली गेली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोग्ग्याच्या मक्यावर सापडली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मक्यावर. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीनं एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. टोमॅटोची पानं आणि फळं पोखरणारी दक्षिण अमेरिकेतली नागअळी २०१४ मध्ये आपल्या राज्यात आली. नारळाच्या झावळीखाली मेणाची पांढरी चक्रं काढणारी रुगोज पांढरी माशी २०१६ मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीला दिसली आणि काही वर्षांत कोकणच्या माडांवर होती. तिचा वैरी तिच्या मागोमाग आपल्या आपणच आला, म्हणून जाणकार सांगतात की फवारणी करू नका, वैरी मरेल. ज्यांना हे कळलं नाही त्यांनी फवारलं. २००२ मध्ये आम्हीही तेच केलं होतं.

आता थोडं जंगलाबद्दल, कारण आपलं खातं तेच आहे.

महाराष्ट्रातल्या कीटकांचे जे नकाशे निघतात ते मी गेली अकरा वर्षं पाहतो आहे. ठिपके कुठं असतात? लोणावळा, खंडाळा, महाबळेश्वर, आंबोली, मुंबई, पुणे. जिथं रस्ता चांगला, राहायची सोय, जवळ विद्यापीठ, तिथं ठिपक्यांची दाटी. बीड, हिंगोली, लातूर, धाराशिव या बाजूला कोरा कागद. तिथं कीटक नाहीत का? बालाघाटच्या डोंगरात, तळ्यांवर, माळावरच्या बोरी-बाभळींवर कीटक नसतील हे कुणाला पटेल? हा नकाशा कीटक कुठं आहेत हे दाखवत नाही, पाहणारी माणसं कुठं गेली ते दाखवतो. आणि याच नकाशावरून उद्या एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात लिहिलं जातं की अमुक परिसरात महत्त्वाची कीटकसंपदा आढळत नाही.

दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याच्या पानावर वीतभर रुंद ॲटलास पतंगाचा फोटो येतो आणि वर मथळा असतो ‘दुर्मिळ पतंग आढळला’. आढळणं चांगलंच. पण दुर्मिळ की नाही हे ठरवायला तो मागच्या वीस वर्षांत कुठं कुठं आणि किती दिसला ते हाताशी लागतं. ते नसल्यामुळं प्रत्येक वर्षी तो पहिल्यापासून दुर्मिळ ठरतो.

२०२० मध्ये कोकण किनारपट्टीवरून चतुराची एक नवी प्रजाती जगापुढं आली. तिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे : ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस. तिचा भाऊबंद आपण सगळ्यांनी पाहिला आहे. विहिरीच्या चिऱ्यावर, गोठ्याच्या भिंतीवर पंख पसरून दगडासारखा चिकटून बसणारा राखाडी चतुर तो हाच. कोकणात माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात, शिकलेली माणसं आहेत, पर्यटक आहेत, आणि तरीही एका चतुराला स्वतंत्र नाव मिळायला २०२० उजाडलं. कोकणातले सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी पठारं, सरकारी दप्तरात बऱ्याचदा पडीक जमिनीत धरले जातात. पडीक जमिनीवर काय राहतं हे कोण कशाला मोजेल?

मोजायचं म्हणजे काय करायचं, तेही सांगतो. जुलैच्या अमावस्येला मी आमच्या गच्चीवर धुणं वाळत घालायच्या दोरीला पांढरी चादर बांधतो, समोर दिवा लावतो. चांदोलीच्या बाजूनं ओलं वारं येत असेल तर तासाभरात चादर भरून जाते. वाळल्या पानासारखे, चिमणीच्या विष्ठेसारखे, सालीच्या तुकड्यासारखे दिसणारे पतंग. फोटो काढतो, वेळ लिहितो. पण फोटोवरून सगळं कळत नाही. दोन पतंग वरून हुबेहूब सारखे असतात आणि पोटाचं टोक उघडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर दोन वेगळ्या प्रजाती निघतात. त्यासाठी एखादा नमुना ठेवावाच लागतो. सुईला टोचून, खाली नखाएवढी चिठ्ठी लावून : गाव, तालुका, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी नसेल तर तो नमुना फक्त मेलेला किडा आहे. चिठ्ठी असेल तर तो शंभर वर्षांनंतरही साक्ष देतो.

एका जुन्या महाविद्यालयात मला त्यांचा कीटकसंग्रह पाहायला मिळाला. नाव लिहीत नाही, कारण हे एकट्या त्यांचं दुखणं नाही. कपाटाची कुलपं गंजलेली होती. पेटी उघडली तर आत सुयांच्या सरळ रांगा, प्रत्येक सुईवर सुबक अक्षरातली चिठ्ठी, आणि सुईच्या बुडाशी चिमूटभर पिवळा भुगा. संग्रह खाणाऱ्या किड्यांनी सगळं खाल्लं होतं. डांबराच्या गोळ्या कित्येक वर्षांत कुणी बदलल्या नव्हत्या. चिठ्ठ्या १९६० च्या दशकातल्या. कुणीतरी प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन राधानगरीला, फोंड्याच्या घाटात, पन्हाळ्यावर फिरले होते. तेव्हा तिथं काय उडत होतं याची साक्ष माझ्या हातात होती आणि ती पुसली गेली होती. शिपाईमामांनी विचारलं, सर, पेट्या टाकून देऊ का? मी नको म्हटलं. चिठ्ठ्यांचे फोटो काढून घेतले. दुसरं काय करणार?

महोदय, आपल्या राज्यानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला. असं करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य. त्या दिवशी मी वर्गात पोरांना पेढे वाटले होते. पुढं नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळानं फुलपाखरांना मराठी नावं दिली, त्यात याचं नाव नीलवंत झालं. आज माझ्या वर्गातली मुलं हे नाव घेतात. ज्या सरकारला हे सुचलं, त्याच्याकडून पुढच्या पावलाची अपेक्षा ठेवणं गैर नाही असं मला वाटतं.

मला मोठ्या इमारती, नवं विद्यापीठ नको आहे. यंत्रणा बरीचशी आपल्याकडं आहेच. २००८ मध्ये सोयाबीनवर अळ्यांनी थैमान घातल्यावर राज्यानं क्रॉपसॅप सुरू केलं. ठरलेल्या पिकांच्या ठरलेल्या प्लॉटमध्ये कर्मचारी जातात, ठरलेल्या किडी मोजतात, माहिती वर पाठवतात. हे काम चांगलं आहे. त्या तक्त्यात फक्त एक रकाना वाढवा : ‘अनोळखी कीटक’. फोटो, ठिकाण, तारीख. कृषी सहायकाला ओळखता आला नाही तर त्यात त्याचा दोष नाही, तो नमुना ओळखणाऱ्यापर्यंत जायला हवा. पुण्यात आकुर्डीला प्राणी सर्वेक्षणाचं केंद्र आहे, राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत, त्यांचे कीटकशास्त्र विभाग आहेत. नमुना कुणी, कुणाकडं, किती दिवसांत पाठवायचा हे एका शासन निर्णयात बसेल. आणि उत्तर खाली, पाठवणाऱ्याच्या गावापर्यंत यायला हवं. मागं जे काही आम्ही वर पाठवलं त्याचं उत्तर कधी आलं नाही, म्हणून माणसं पाठवायची थांबली आहेत.

क्रॉपसॅप कृषी खात्याचं आहे हे मला माहीत आहे. पण कीटक बांध ओलांडताना खातं बघत नाही. जंगलाच्या कडेच्या झाडीत जे वाढतं ते उसात येतं आणि उसावरचा मित्रकीटक फवारणीच्या दिवसांत त्याच झाडीत तग धरतो. म्हणून हे पत्र आपल्याला आणि प्रत कृषिमंत्र्यांना.

गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्या मात्र आपल्याच अखत्यारीत येतात. आमच्या भागातल्या एका गावाची नोंदवही मी वाचली. कीटक या मथळ्याखाली पाच ओळी : फुलपाखरू, मधमाशी, मुंगी, डास, काजवा. कुठलं फुलपाखरू? मधमाशी आग्या की सातेरी? काजवे कोणत्या आठवड्यात, कोणत्या ओढ्याला? हे त्या गावातल्या कोणत्याही गुराख्यानं सांगितलं असतं, कुणी विचारलं असतं तर. या नोंदवह्यांचं कीटकांचं पान पुन्हा लिहून घ्या. सुरुवात मराठवाड्यापासून करा, कारण कोरा कागद तिथं आहे. प्रत्येक जिल्ह्यात जीवशास्त्र शिकवणारे आमच्यासारखे शिक्षक आहेत, फुलपाखरं-चतुर पाहणारी तरुण मुलं आहेत. त्यांना एक दिवसाचं प्रशिक्षण आणि एक साधी, लवकर मिळणारी परवानगी द्या. मोजके नमुने, ओळखीपुरते, विकायला नाही, परदेशी पाठवायला नाही. नियम कडक ठेवा, मात्र अर्जाला उत्तर द्या. माझा अर्ज एका कार्यालयात चौदा महिने होता, नंतर तो सापडत नाही असं सांगण्यात आलं.

आणि नमुने ठेवायला राज्याची एक जागा हवी. कोरडी, बंद कपाटं, एक सांभाळणारा माणूस, वेळेवर बदललेल्या गोळ्या. त्या महाविद्यालयातल्या चिठ्ठ्यांचे फोटो माझ्याकडं आहेत. त्या जागेला पहिली देणगी म्हणून मी ते देईन.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चादरीवर एक पतंग बसला होता. फिकट हिरवा, करंगळीच्या नखाएवढा, पंखांच्या कडेला विटकरी टिकल्यांची ओळ. माझ्याकडच्या कुठल्याच पुस्तकात तो मला सापडला नाही. कदाचित अगदी सामान्य असेल, ओळखणाऱ्याला एका नजरेत कळेल. तो मी सुईला लावून ठेवला आहे. चिठ्ठीवर गाव आहे, तारीख आहे, वेळ आहे. नावाची जागा कोरी आहे. तो कुठं पाठवायचा, एवढं कळवावं.

आपला विश्वासू,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षक,
शिराळा तालुका, जि. सांगली

प्रत माहितीसाठी : मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य